आधी समकक्षता, मग टी.सी.

प्रति,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे मा. कुलगुरू, मा. कुलसचिव आणि पात्रता विभागप्रमुख,
तसेच मा. संचालक, उच्च शिक्षण, महाराष्ट्र राज्य

विषय : पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांची समकक्षता प्रवेशाच्या आधी लेखी ठरवून मिळण्याबाबत

महोदय, महोदया,

उन्हाळी परीक्षांचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास येतो. ‘एफवाय तिकडे झालंय, एसवाय इकडे करता येईल का?’ विचारणारी मुलगी पंढरपूरहून वडिलांच्या बदलीमुळे पुण्यात आलेली असते, किंवा उदगीरहून लग्न होऊन पिंपरीला आलेली. कधी तो मुलगा असतो. घरचा कमावता माणूस गेल्यामुळे वसतिगृहाचा खर्च झेपत नाही आणि त्याला मुंबईहून परत कोल्हापूरला जायचे असते. आपल्या राज्यात जिल्हा ओलांडला की अनेकदा विद्यापीठही बदलते. सोलापूर विद्यापीठाचे क्षेत्र तर एकाच जिल्ह्याचे. त्यामुळे ज्याला घरचे लोक ‘कॉलेज बदलणे’ म्हणतात, ते कागदावर विद्यापीठ बदलणे असते, आणि या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खिडकीवर उत्तर मिळते, ‘हो, करता येईल.’ ते खोटे नसते. जागा रिकामी असेल आणि पहिले वर्ष पूर्ण उत्तीर्ण असेल, तर दुसऱ्या वर्षाला बाहेरच्या विद्यापीठाचा विद्यार्थी घेता येतो. पण त्याचे पहिल्या वर्षाचे किती पेपर आपल्याकडे धरले जातील आणि किती नव्याने द्यावे लागतील, हे त्या दिवशी कोणीच लिहून देत नाही. ते कळते अंतिम पात्रतेच्या वेळी, विद्यापीठ कागद तपासून प्रवेश कायम करते तेव्हा, म्हणजे तिसरे सत्र संपत आल्यावर किंवा त्याच्याही नंतर. तोवर परतीची वाट बंद झालेली असते.

आम्ही महाविद्यालयांच्या कार्यालयांत प्रवेश, पात्रता आणि परीक्षा अर्जांचे काम करणारे कर्मचारी आणि वर्गावर शिकवणारे प्राध्यापक आहोत. मागणी एकच आहे : विद्यार्थ्याने जुन्या महाविद्यालयातून टी.सी., म्हणजे महाविद्यालय सोडल्याचा दाखला, काढण्याआधी नव्या विद्यापीठाने पेपरनिहाय समकक्षता, म्हणजे जुना कोणता पेपर आपल्या कोणत्या पेपरच्या जागी धरला जाईल, हे लेखी द्यावे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, विधी अशा अभ्यासक्रमांना त्यांच्या नियामक संस्थांचे वेगळे नियम आहेत. हे पत्र बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. आणि त्यांच्यासारख्या पदव्यांपुरते आहे.

सध्याचा क्रम पाहा. नवे महाविद्यालय प्रवेश अर्जासोबत टी.सी. मागते. विद्यार्थी जुन्या ठिकाणी जाऊन टी.सी. काढतो आणि तिथली त्याची जागा संपते. मग तो जुन्या विद्यापीठात स्थलांतर प्रमाणपत्रासाठी, म्हणजे मायग्रेशनसाठी अर्ज करतो. तिथे त्याच्या नोंदणीवर ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. नव्या ठिकाणी त्याला तात्पुरती पात्रता मिळते, नवा पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळतो, तो वर्गात बसू लागतो. महाविद्यालय पात्रतेचे प्रस्ताव गठ्ठ्याने विद्यापीठात पाठवते. त्यात बारावी करून थेट पहिल्या वर्षाला आलेल्या शेकडो मुलांचे सोपे प्रस्ताव असतात आणि त्यांच्यातच हे गुंतागुंतीचे दोन-चार अडकलेले असतात. गुणपत्रकांची पडताळणी जुन्या विद्यापीठाकडून पत्राने होते. अभ्यासक्रमाची तुलना त्या विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांकडे जाते. त्यांना त्यासाठी ठरलेली मुदत नाही, नमुना नाही, मानधनही नाही. दरम्यान तिसऱ्या सत्राची परीक्षा होते आणि निकालात या विद्यार्थ्यापुढे ‘पात्रतेअभावी राखीव’ असे येते. कुठल्याही टेबलावर कोणी मुद्दाम अडवलेले नसते. क्रमच उलटा लावलेला आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना आल्यावर हे काम सोपे होईल, अशी आमची अपेक्षा होती. संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. सगळीकडे सत्राला साधारण २२ क्रेडिट, वर्षाला ४४. लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचे ३० तास. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवृद्धी), एईसी (भाषा-क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), भारतीय ज्ञान प्रणाली, सहअभ्यासक्रम ही विषयगटांच्या खोक्यांची नावेही तीच. पण कोणत्या खोक्यात कोणत्या सत्रात किती क्रेडिट टाकायचे, हे प्रत्येक विद्यापीठाने, आणि प्रत्येक स्वायत्त महाविद्यालयानेही, आपापल्या सोयीने बसवले. बेरीज जुळते, आतली मांडणी जुळत नाही. स्थलांतराची सगळी अडचण इथेच आहे, म्हणून एक हिशेब सविस्तर मांडतो.

समजा, एका विद्यापीठात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे आहेत. रसायनशास्त्र ८ क्रेडिट, वनस्पतिशास्त्र ८, प्राणिशास्त्र ८. उरलेल्यात ओपन इलेक्टिव्ह ४, एसईसी ४, एईसी ४, व्हीईसी ४, भारतीय ज्ञान प्रणाली २, सहअभ्यासक्रम २. एकूण ४४. दुसऱ्या विद्यापीठात पहिल्या सत्रापासूनच मेजर ठरलेला आहे. रसायनशास्त्र १२, मायनर २, ओपन इलेक्टिव्ह ८, व्हीएससी ४, एसईसी ४, एईसी ४, व्हीईसी ४, भारतीय ज्ञान प्रणाली २, सहअभ्यासक्रम ४. एकूण ४४.

पहिल्याकडचा विद्यार्थी दुसऱ्याकडे आला. रसायनशास्त्रात त्याला ४ कमी पडतात, ओपन इलेक्टिव्हमध्ये ४, व्हीएससीमध्ये पूर्ण ४, सहअभ्यासक्रमात २. वनस्पतिशास्त्राच्या ८ पैकी २ मायनरला लागतात, ६ उरतात. प्राणिशास्त्राचे ८ तसेच राहतात. ते ओपन इलेक्टिव्हमध्ये टाकता येत नाहीत, कारण ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेचे हवे आणि हे दोन्ही विषय विज्ञानाचेच. म्हणजे १४ क्रेडिट जादा आणि १४ क्रेडिट कमी. ४४ पैकी ३० बसले. विद्यार्थ्याने काहीही कमी शिकलेले नाही, तरी दोन-दोन क्रेडिटचे सात पेपर त्याच्या डोक्यावर बसले.

सात पेपर म्हणजे फक्त सात परीक्षा नव्हेत. त्यांतल्या काहींना प्रात्यक्षिके आहेत. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला ६० तास प्रयोगशाळेत उभे राहावे लागते, आणि ते तास प्रथम वर्षाच्या तुकडीबरोबर, त्यांच्या वेळापत्रकात. त्याच वेळी द्वितीय वर्षाचा तास असतो. पहिल्या सत्राचा आणि तिसऱ्या सत्राचा पेपर एकाच दिवशी एकाच वेळी आला तर काय करायचे, याचे उत्तर बहुतेक परीक्षा विभागांकडे तयार नसते. पेपर पुढच्या हिवाळ्यावर जातो. तेव्हा विद्यार्थी पाचव्या सत्रात असतो आणि त्याच्यापुढे इंटर्नशिप असते. शिवाय अनेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे सगळे पेपर सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. जुन्या विद्यापीठात पूर्ण उत्तीर्ण असलेला मुलगा इथे येऊन एटीकेटीवाला, म्हणजे मागचे पेपर राहिलेला, होतो आणि नंतर वर्ष गमावतो.

हे त्याला जूनमध्ये कळले असते तर? कदाचित तो तरीही आला असता, कारण घरची अडचण तशीच असते. पण सात पेपरांचा भार घेऊन येतोय हे माहीत असते, तर त्याने वर्ग सुरू होण्याआधी ऑनलाइन चालणारा एखादा ओपन इलेक्टिव्ह उरकला असता. किंवा शेजारच्या दुसऱ्या विद्यापीठाच्या महाविद्यालयात, जिथे ३०ऐवजी ३८ क्रेडिट बसतात, तिथे प्रवेश घेतला असता. काहींनी जुन्या ठिकाणी दुसरे वर्ष पूर्ण करून तीन वर्षांची पदवी तिथूनच घ्यायची ठरवली असती. निर्णय त्यांचा, पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असता.

आता गुणांचे. दहा बिंदूंची श्रेणी सगळीकडे आहे, ओ म्हणजे १०, ए प्लस म्हणजे ९ अशी. पण ‘ओ’ किती टक्क्यांपासून, हे सगळीकडे एक नाही. गुणपत्रकावर फक्त श्रेणी असेल तर नव्या विद्यापीठाच्या संगणकात गुण काय भरायचे? अंतर्गत आणि सत्रान्त गुणांचे प्रमाणही वेगळे. एकीकडे ४०-६०, दुसरीकडे ३०-७० किंवा २०-८०. आणि उत्तीर्णतेला कुठे दोन्ही भागांत स्वतंत्रपणे पास व्हावे लागते, कुठे एकत्रित. जुन्या गुणपत्रकावर एकच बेरीज छापलेली असते, नव्या प्रणालीला दोन रकाने हवे असतात आणि प्रस्ताव परत येतो. आमचे मत स्पष्ट आहे : बाहेरून आलेले क्रेडिट ‘मिळाले’ एवढीच नोंद व्हावी. सरासरी श्रेणी काढताना मूळ विद्यापीठाचे श्रेणीबिंदू आहेत तसे घ्यावेत. नवे गुण तयार करू नयेत. कुठलीही रूपांतर सारणी कुणावर तरी अन्याय करते, आणि मग माहिती अधिकाराचे अर्ज सुरू होतात.

एबीसी, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, हे काम सोपे करायलाच २०२१ मध्ये सुरू झाली. बारा अंकी क्रमांक, डिजिलॉकरमधून उघडायचे खाते, क्रेडिट साधारण सात वर्षे टिकणारे. कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात विद्यार्थ्याने खाते उघडून पाहिले तर अनेकदा शिल्लक शून्य दिसते. कारणे दोन. एक, विद्यापीठाने त्या सत्राची क्रेडिट अजून चढवलेलीच नसतात. दोन, नाव जुळत नाही. आपल्या दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी आणि आईचे नाव वेगळ्या ओळीत. आधारवर स्वतःचे नाव आधी, कधी वडिलांचे नाव गाळलेले, कधी लग्नानंतर बदललेले. यंत्राला ही दोन माणसे वाटतात. लग्न होऊन आलेल्या मुलींचे प्रस्ताव सर्वांत जास्त इथे अडकतात, आणि खरे तर त्यांनाच स्थलांतराची सोय सर्वाधिक हवी असते. अशा मुलीचे एक वर्ष वाया गेले तर पुढचे वर्ष येईलच याची शाश्वती नसते.

एबीसीत क्रेडिट दिसली तरी ती कोणत्या खोक्यात बसतील हे बँक सांगत नाही. बँक रक्कम सांगते. खोके ठरवते ते अभ्यास मंडळ. म्हणून ‘एबीसी आहे ना, मग होईल आपोआप’ हे विद्यार्थ्यांना सांगणे थांबवले पाहिजे.

दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलणाऱ्यांना आणखी एक गणित आधी सांगायला हवे. पदवी देणाऱ्या विद्यापीठात निम्मी क्रेडिट मिळवलेली असावीत ही अट जिथे लावली जाते, तिथे १३२ क्रेडिटच्या तीन वर्षांच्या पदवीसाठी ६६ लागतात. दोन वर्षे बाहेर काढून आलेल्याला इथे फक्त ४४ मिळवता येतात. त्याला तीन वर्षांची पदवी मिळणार नाही. १७६ क्रेडिटच्या चार वर्षांच्या पदवीत मात्र त्याची ८८ होतात आणि तो काठावर बसतो. हे न सांगता तिसऱ्या वर्षाला प्रवेश देणे म्हणजे मुलाला खड्ड्यात ढकलणे आहे.

राज्याच्या सीमेवर ही गुंतागुंत वाढते. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी रचना घेतली. बेळगाव-निपाणीकडून चंदगड-गडहिंग्लजला येणाऱ्या मराठी मुलांच्या गुणपत्रकावर आपल्याकडची अर्धी खोकी नसतातच. दोडामार्ग-सावंतवाडीची मुले गोव्यात जातात आणि परत येतात, त्यांनाही मांडणीची अडचण येते. २०२४ च्या आधी जुन्या पॅटर्नमध्ये पहिले वर्ष करून, मध्ये खंड पडून आता परतणाऱ्यांना हीच अडचण आपल्याच राज्यात, कधी आपल्याच विद्यापीठात येते. या तिघांसाठी ‘उरलेले पेपर’ असा दंड न लावता चार-सहा क्रेडिटचा एक सेतू अभ्यासक्रम ठेवला, तर पुरेसे आहे.

कागदपत्रांतले काही फुकटचे हेलपाटे उद्या सकाळी परिपत्रक काढून थांबवता येतील. एकाच विद्यापीठात महाविद्यालय बदलणाऱ्याला मायग्रेशन लागत नाही, टी.सी. आणि ना-हरकत पुरते. तरी मुले ते काढायला विद्यापीठात रांगा लावतात, कारण प्रवेश अर्जाच्या छापील यादीत ते सरसकट लिहिलेले असते. सीबीएसईकडून आलेल्या मुलाचे बारावीचे मूळ मायग्रेशन पहिल्या विद्यापीठाने जमा करून घेतलेले असते. दुसरे विद्यापीठ तेच पुन्हा मागते. पहिल्या विद्यापीठाचे मायग्रेशन हाती असताना त्याची गरज काय? डिजिलॉकरमधील गुणपत्रक ग्राह्य असताना छापील मूळ प्रत येईपर्यंत प्रस्ताव थांबवला जातो आणि छपाईला महिने लागतात. अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती मागताना कोणत्या वर्षाचा पॅटर्न हवा, हे लिहीत नाहीत. मुले संकेतस्थळावरून नव्याच पॅटर्नची प्रत आणतात आणि तुलना चुकते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज बाकी असताना टी.सी. काढली तर नंतर वाढलेले गुण नव्या विद्यापीठात पोहोचत नाहीत. टी.सी. देणाऱ्या लिपिकाने एवढे विचारावे, असा एक रकाना फॉर्मवर हवा.

शुल्काबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे निर्देश स्पष्ट आहेत. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण शुल्क परत, त्यानंतर आणि तारखेपूर्वी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. म्हणजे समकक्षतेचे उत्तर जितके उशिरा, तितके विद्यार्थ्याचे पैसे बुडतात. दुसऱ्या वर्षाला जुन्या महाविद्यालयात आपोआप प्रवेश होतो आणि पहिला हप्ता भरला जातो, म्हणून हे कोष्टक स्थलांतराच्या मुलांना थेट लागू पडते.

शिष्यवृत्तीचा धोका याहून मोठा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत पूर्वपरवानगीशिवाय संस्था बदलल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, ही अट जुनी आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, नूतनीकरणाचा अर्ज मागच्या वर्षाच्या संस्थेशी जोडलेला असतो. संस्था बदलल्याची नोंद वेळेत झाली नाही तर अर्ज जुन्या महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. तिथल्या लिपिकाच्या दृष्टीने हा विद्यार्थी गेलेला, नव्याच्या दृष्टीने अर्ज आलेलाच नाही. टी.सी. देतानाच जुन्या महाविद्यालयाने पोर्टलवरची नोंद सोडावी आणि तसे टी.सी.वर लिहावे, असा आदेश संचालनालयाने समाजकल्याण विभागाशी बोलून काढावा.

आता मुख्य मागणीचे स्वरूप. विद्यार्थी जुन्या महाविद्यालयात शिकत असतानाच नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे समकक्षतेचा अर्ज करू शकेल, अशी खिडकी वर्षभर उघडी हवी. अर्जासोबत डिजिलॉकरचे गुणपत्रक, एबीसीचा उतारा आणि विद्यार्थी ज्या पॅटर्नमध्ये शिकला त्याचा अभ्यासक्रम, एवढेच. टी.सी. नको, मायग्रेशन नको. कामाच्या दहा दिवसांत संबंधित अधिष्ठात्यांच्या सहीने एक पान मिळावे. त्यावर तीन गोष्टी : कोणते पेपर धरले, कोणती क्रेडिट जादा म्हणून पदवीपत्रकावर फक्त दाखवली जातील, आणि कोणते पेपर कोणत्या सत्रात द्यावे लागतील. हे पान विद्यापीठावर बंधनकारक असावे. अंतिम पात्रतेत फक्त कागदांचा खरेपणा तपासावा, पेपरांची तुलना पुन्हा उघडू नये.

तुलना करताना पेपरचे नाव पाहू नये, आशय पाहावा. साधारण ७० टक्के आशय जुळला तर पूर्ण क्रेडिट द्यावे. एईसी, व्हीईसी, भारतीय ज्ञान प्रणाली आणि सहअभ्यासक्रम यांत तर तुलनाच नको. क्रेडिटची संख्या भरली की खोके भरले. वरच्या उदाहरणात प्राणिशास्त्राची जादा क्रेडिट अशा विद्यार्थ्यापुरती ओपन इलेक्टिव्हच्या जागी धरायला विद्या परिषदेने एकदा मान्यता दिली, तर १४ ची तूट १० वर येते. रसायनशास्त्राचे ४ मात्र माफ करू नयेत. ते पुढच्या वर्षाचा पाया आहेत आणि ते न शिकता आलेला विद्यार्थी चौथ्या सत्रात गडबडतो, हे शिकवणारे म्हणून आम्ही ठामपणे सांगतो.

हे काम वाटते तितके मोठे नाही. येणारे अर्ज त्याच त्या जोड्यांचे असतात : सोलापूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरकडून पुण्याकडे, कोल्हापुरातून पुण्या-मुंबईकडे, जळगावहून नाशिककडे, अमरावती-नागपूर दोन्ही बाजूंनी. प्रत्येक विषयाच्या अभ्यास मंडळाने या जोड्यांचा पहिल्या वर्षाचा तक्ता एकदा बसवला की पॅटर्न बदलेपर्यंत तो चालतो. असे तक्ते संकेतस्थळावर ठेवले तर निम्म्या मुलांना अर्जही करावा लागणार नाही. उशिरा आलेल्यांची हजेरी प्रवेशाच्या दिवसापासून मोजावी आणि पहिल्या-तिसऱ्या सत्राच्या पेपरांची टक्कर झाल्यास महाविद्यालय पातळीवर वेगळ्या दिवशी परीक्षा घेण्याची मुभा असावी. एवढे दोन आदेश परीक्षा मंडळाने जोडून द्यावेत.

विषयवार तक्त्यांचे पहिले मसुदे करून द्यायला आमच्यातले प्राध्यापक तयार आहेत, आणि अर्जाच्या एका पानाचा नमुना कार्यालयीन सहकारी देतील. हिवाळी सुट्टीत अभ्यास मंडळांची एक बैठक लावली, तर येत्या उन्हाळी निकालांपूर्वी रसायनशास्त्र, वाणिज्य, मराठी आणि अर्थशास्त्र या चार विषयांचे तक्ते लागू करता येतील. बैठकीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपले,
महाविद्यालयीन प्रवेश, पात्रता व परीक्षा विभागांत काम करणारे कर्मचारी आणि प्राध्यापक